चंद्रावरचे हेलियम आणि जमिनीवरचे कायदे

भारताचे एखादे यान चंद्राकडे झेपावले, की त्यापाठोपाठ एक जुने आश्वासन पुन्हा चर्चेत येते. चंद्राच्या मातीत ‘हेलियम-३’ नावाचे दुर्मीळ इंधन साठलेले आहे; ते पृथ्वीवर आणता आले, तर देशाचा ऊर्जाप्रश्न शतकानुशतकांसाठी सुटेल, असे हे आश्वासन. २००८ मध्ये ‘चांद्रयान-१’च्या वेळी ते ऐकू आले. २०१७ मध्ये दिल्लीतील एका अवकाशविषयक परिषदेत एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी २०३० पर्यंत भारताची सारी ऊर्जागरज या चांद्रइंधनातून भागवता येईल, असे सांगितल्याचे वृत्त देशभर झळकले. पुढच्याच वर्षी ‘इस्रो’च्या तत्कालीन अध्यक्षांनी, हे इंधन पृथ्वीवर आणू शकणारे देशच सारी सूत्रे हलवतील आणि भारताने त्यांचे नेतृत्व करावे, अशी आकांक्षा व्यक्त केली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘विक्रम’ चंद्रावर अलगद उतरला आणि या आकांक्षेला नवे बळ मिळाले.

या आश्वासनाचे दोन भाग करून पाहिले पाहिजेत, असे मला वाटते. ऊर्जाधोरण म्हणून ते साध्या अंकगणितापुढे टिकत नाही. पण त्याच्या आडून चंद्रावरील संपत्तीच्या मालकीचे जे नियम जगात आकार घेत आहेत, ते अगदी खरे आहेत, आणि त्यांकडे आपल्या सार्वजनिक चर्चेचे जवळपास लक्षच नाही.

प्रथम या इंधनाचे आकर्षण समजून घेऊ. सूर्याकडून अखंड वाहणाऱ्या कणांच्या प्रवाहात हेलियम-३ अल्प प्रमाणात असते. पृथ्वीचे वातावरण आणि चुंबकीय क्षेत्र हा प्रवाह अडवतात. चंद्राला असे कवच नाही. त्यामुळे अब्जावधी वर्षे हे कण त्याच्या पृष्ठभागावरील धुळीत रुतत गेले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८६ मध्ये चंद्रावर असे सुमारे दहा लाख टन हेलियम-३ असावे, असा अंदाज मांडला आणि ते व्यापारी अणुसंमीलनाचे इंधन ठरू शकेल, असे सुचवले. अपोलो-१७ मधून चंद्रावर गेलेले भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट यांनी पुढे या कल्पनेचा हिरिरीने पुरस्कार केला. चीनच्या चांद्रमोहिमेच्या वैज्ञानिक नेतृत्वानेही तिचा वारंवार उच्चार केला आहे.

अणुसंमीलन, म्हणजे हलक्या अणुकेंद्रांचा संयोग घडवून ऊर्जा मिळवणे. आज जगभर ज्या प्रक्रियेवर मुख्यत्वे काम चालू आहे, तिच्यात ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची दोन रूपे एकत्र येतात. तीत निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ८० टक्के ऊर्जा वेगवान न्यूट्रॉन वाहून नेतात. हे न्यूट्रॉन अणुभट्टीच्या भिंतींवर आदळून त्या झिजवतात आणि किरणोत्सारी बनवतात. ट्रिटियमच्या जागी हेलियम-३ वापरले, तर न्यूट्रॉनऐवजी मुख्यतः विद्युतभारित कण बाहेर पडतात. म्हणजे किरणोत्सार कमी, आणि ऊर्जेचे विजेत थेट रूपांतर करण्याची शक्यताही. कागदावर हे इंधन जवळपास आदर्श आहे.

आता अंकगणित. एक टन हेलियम-३ पूर्णपणे वापरता आले, तर त्यातून सुमारे १६० अब्ज युनिट इतकी उष्णता मिळेल. तिचे निम्म्याहून थोडे अधिक विजेत रूपांतर झाले असे धरले, तर सुमारे ९० अब्ज युनिट वीज. भारतात २०२४-२५ मध्ये सुमारे १,८०० अब्ज युनिट वीज निर्माण झाली. म्हणजे देशाला वर्षाला वीस टन हेलियम-३ पुरेल. हा आकडा ऐकून कोणीही हरखून जाईल. काही मोजक्या यानांत मावेल एवढे हे वजन आहे.

परंतु हे वीस टन चंद्रावर कोठे ढीग घालून ठेवलेले नाहीत. ज्या भागांत ते त्यातल्या त्यात अधिक आहे, तेथेही चांद्रधुळीच्या शंभर कोटी भागांत हेलियम-३ चे प्रमाण दहा भागांच्या आसपास आहे. एक टन इंधनासाठी दहा कोटी टन धूळ उकरावी लागेल, चाळावी लागेल आणि सुमारे ७०० अंश सेल्सियसपर्यंत तापवावी लागेल. तेही तीतला वायू कणभरही वाया गेला नाही, असे गृहीत धरून. वीस टनांसाठी २०० कोटी टन. भारताने २०२४-२५ मध्ये प्रथमच एका वर्षात शंभर कोटी टन कोळशाचा टप्पा ओलांडला. कोल इंडियापासून खासगी खाणींपर्यंत, रेल्वेच्या वाघिणींपासून बंदरांपर्यंत सारी यंत्रणा दीड शतकाहून अधिक काळ उभी करत आपण येथवर आलो. त्याच्या दुप्पट उत्खनन चंद्रावर दरवर्षी करायचे आहे. तीन मीटर खोल खणत गेले, तरी त्यासाठी दर वर्षी साडेतीनशे चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र पालथे घालावे लागेल.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूने मांडला, तर तो अधिक बोलका होतो. एक टन चांगल्या चांद्रधुळीत दडलेली संमीलन-ऊर्जा ही एक टन सामान्य भारतीय कोळशातील ऊर्जेच्या साधारण एक तृतीयांश आहे. आपल्या कोळशात राख फार आणि उष्मांक कमी, अशी तक्रार आपण नेहमी करतो. चंद्रावरचे हे ‘इंधन’ खनिज म्हणून त्याहूनही हलक्या प्रतीचे आहे आणि ते पावणेचार लाख किलोमीटरहून दूर आहे.

आज आपण कोठे आहोत, हेही पाहावे. ‘चांद्रयान-३’चा प्रग्यान रोव्हर २६ किलो वजनाचा होता आणि तो सुमारे शंभर मीटर चालला. विक्रमवरील तापमापक शलाका चंद्राच्या मातीत दहा सेंटिमीटर खोल गेली. चंद्रावरच्या पहिल्याच रात्रीनंतर ही उपकरणे पुन्हा जागी झाली नाहीत. विज्ञान म्हणून हे यश थोर आहे, यात शंका नाही. पण त्याला खाणकामाची पूर्वतयारी म्हणणे म्हणजे विहिरीत पोहायला शिकलेल्याने महासागर ओलांडण्याचे वेळापत्रक जाहीर करणे. शिवाय हेलियम-३ चे अधिक प्रमाण टायटॅनियमयुक्त मातीत, म्हणजे अपोलो-११ जेथे उतरले त्या शांतिसागरासारख्या सपाट प्रदेशांत आढळते. आपले यान उतरले ते दक्षिण ध्रुवाच्या दिशेला, आणि तेथील मुख्य आकर्षण पाण्याच्या बर्फाचे आहे.

समजा, इंधन आले. ते जाळायचे कोठे? १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरील पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्षपद डॉ. होमी भाभा यांच्याकडे होते. येत्या दोन दशकांत नियंत्रित संमीलनाची रीत सापडेल, असे भाकीत त्यांनी तेथे केले होते. भाभांसारख्या द्रष्ट्याचे हे भाकीत सत्तर वर्षांनंतरही खरे ठरलेले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील प्रयोगशाळेत २.०५ मेगाज्यूल लेझर-ऊर्जेच्या बदल्यात ३.१५ मेगाज्यूल संमीलन-ऊर्जा मिळाली आणि जगाने टाळ्या वाजवल्या. पण ते लेझर चालवण्यासाठी सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खर्ची पडली होती. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या ‘इटर’ या महाप्रकल्पात भारत भागीदार आहे आणि त्याचे तीस मीटर उंचीचे प्रचंड शीतपात्र गुजरातेतील हजिरा येथे घडले. ‘इटर’च्या सुधारित वेळापत्रकानुसार ड्युटेरियम आणि ट्रिटियमचे प्रत्यक्ष ज्वलन २०३९ मध्ये सुरू व्हायचे आहे. आणि तीही वीज न बनवणारी प्रायोगिक भट्टी आहे.

ही झाली सर्वांत सोप्या संमीलनाची कथा. त्यासाठी सुमारे १५ कोटी अंश तापमान लागते. हेलियम-३ साठी त्याहून कित्येक पट अधिक. जी शिडी चढताना पहिल्या पायरीवर सत्तर वर्षे गेली, तिची वरची पायरी डोळ्यांसमोर ठेवून चंद्रावर खाणी आखणे म्हणजे म्हैस पाण्यात असताना तिचे मोल करणे. त्यातही विरोधाभास असा, की सोपे संमीलन साधले, तर चंद्रावर जाण्याचे कारणच उरत नाही. ड्युटेरियम समुद्राच्या पाण्यात आहे आणि ट्रिटियम लिथियमपासून तयार करता येते. चांद्रहेलियमची खरी स्पर्धा कोळशाशी नसून पृथ्वीवरच्याच समुद्राशी आहे.

भविष्यातील इंधनाचा मोह आपल्याला नवा नाही. केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम आहे. त्याच्या भरवशावर १९५० च्या दशकात त्रिस्तरीय अणुकार्यक्रम आखला गेला. तो वैज्ञानिकदृष्ट्या भक्कम होता आणि इंधन आपल्या पायाखाली होते. तरीही त्याचा दुसरा टप्पा असलेल्या कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉट प्रजनक अणुभट्टीचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले आणि तिचा गाभा भरण्यास सुरुवात होण्यासच मार्च २०२४ उजाडले. घरच्या वाळूतील इंधन विजेपर्यंत पोहोचवण्याचा मार्ग एवढा लांब असेल, तर चंद्रावरच्या धुळीचा किती असेल, याचा विचार कोणत्याही नियोजनकाराने करावा.

मग प्रश्न पडतो, की इतर देश आणि कंपन्या वेड्या आहेत का? तसे मुळीच नाही. हेलियम-३ ला आज खरी मागणी आहे, मात्र ती विजेसाठी नाही. न्यूट्रॉन टिपणाऱ्या सुरक्षा-उपकरणांत आणि पुंज संगणकांना निरपेक्ष शून्याच्या जवळ नेणाऱ्या शीतकांत हा वायू लागतो. त्याचा आजवरचा मुख्य स्रोत म्हणजे अण्वस्त्रांसाठी साठवलेल्या ट्रिटियमचा क्षय. साठे मर्यादित आणि मागणी वाढती, म्हणून किंमत अवाच्या सव्वा. २०२५ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने ‘इंटरल्यून’ या कंपनीकडून २०२९ पर्यंत तीन लिटर चांद्रहेलियम विकत घेण्याचा करार केला. तीन लिटर वायू म्हणजे वजनाने अर्ध्या ग्रॅमहून कमी. त्याआधी २०२० मध्ये ‘नासा’ने चंद्रावरील मूठभर माती खासगी कंपन्यांकडून खरेदी करण्याचे करार केले, त्यांतील एक करार तर अवघ्या एका डॉलरचा होता.

एका डॉलरच्या मातीसाठी कोणी करारपत्र का करावे? माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म येथे आहे. चंद्रावरून काढलेली वस्तू काढणाऱ्याची असते आणि ती विकता येते, हा पायंडा त्या डॉलरने विकत घेतला. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराने कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर सार्वभौमत्व सांगण्यास मनाई केली आहे. पण जमीन कोणाची नसली, तरी तीतून काढलेले खनिज कोणाचे, याविषयी तो करार मौन बाळगतो. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून ते मौन आपल्या नागरिकांच्या बाजूने भरून काढले. लक्झेंबर्ग, संयुक्त अरब अमिराती आणि जपान यांनीही तोच मार्ग धरला. २०२० च्या आर्टेमिस सामंजस्याने या भूमिकेला आंतरराष्ट्रीय रूप दिले. खनिज काढणे म्हणजे आपोआप मालकी सांगणे नव्हे, असे त्यात म्हटले आहे. शिवाय प्रत्येकाच्या कामाभोवती ‘सुरक्षा क्षेत्रे’ आखण्याची तरतूदही आहे. दुसरीकडे चीन आणि रशिया २०२१ पासून स्वतंत्र चांद्रसंशोधन केंद्राची जुळवाजुळव करत आहेत.

यात भारत कोठे उभा आहे? १८ जानेवारी १९८२ रोजी भारताने चंद्रकरारावर स्वाक्षरी केली. चंद्र आणि त्यावरील संपत्ती हा मानवजातीचा समाईक वारसा आहे. उत्खनन शक्य होऊ लागले, की त्यासाठी आंतरराष्ट्रीय व्यवस्था उभारावी आणि लाभाच्या वाटपात विकसनशील देशांच्या गरजांचा विशेष विचार व्हावा, असे तो करार सांगतो. भारताने त्याला अद्याप अनुमोदन दिलेले नाही, पण स्वाक्षरी मागेही घेतलेली नाही. त्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये ‘भारतीय अवकाश धोरण’ जाहीर झाले. अवकाशातील संपत्ती व्यापारी तत्त्वावर मिळवणाऱ्या खासगी संस्थेला ती बाळगण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क त्यात मान्य केला आहे. त्याला लागू कायद्यांची आणि देशाच्या आंतरराष्ट्रीय बंधनांची मर्यादा घातली आहे. २१ जून २०२३ रोजी भारत आर्टेमिसमध्ये सामील झाला. समाईक वारशाच्या भूमिकेपासून खासगी हक्काच्या भूमिकेपर्यंतचा हा प्रवास अवघ्या अडीच महिन्यांत झाला.

हा बदल चुकीचाच आहे, असे मी म्हणत नाही. चंद्रकराराला वीस देशांचेही अनुमोदन नाही आणि चंद्रावर पोहोचलेल्या देशाने केवळ तत्त्व उराशी धरून बाहेर बसावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. माझा आक्षेप पद्धतीला आहे. धोरण मंत्रिमंडळाने मंजूर केले, सामंजस्यावर शासनाने स्वाक्षरी केली. देशाचा अवकाश कायदा मात्र अजून अस्तित्वात नाही. २०१७ मध्ये मसुदा जाहीर झाला, तो विधेयक होऊन संसदेत आला नाही. खासगी कंपन्यांना परवानगी देणाऱ्या ‘इन-स्पेस’ या संस्थेलाही कायद्याचे अधिष्ठान नाही. आणि १९६७ च्या करारानुसार आपल्या खासगी कंपनीने अवकाशात काहीही केले, तरी त्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारी भारत सरकारची, म्हणजे अखेर भारतीय करदात्याची आहे.

नियमांवाचून नैसर्गिक संपत्ती वाटली, की काय होते, हे शिकण्यासाठी आपल्याला चंद्रावर जावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कोळशाच्या २१४ खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केले, २०१८ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. दोन्ही वेळी कामगार, बँका, वाहतूकदार आणि राज्यांचे अर्थकारण यांनी त्याची किंमत मोजली. पायाखालच्या खनिजांबाबत आपण इतका उशीर केला. डोक्यावरच्या खनिजांबाबत निदान आधी विचार करावा.

चांगला धडाही आपल्याकडेच आहे. १९८१ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ‘गवेषणी’ जहाजावरून अरबी समुद्राच्या तळातील बहुधातुक खनिजाचा गोळा वर काढला. त्या काळात सागरी कायद्याच्या वाटाघाटींत भारत हिरिरीने भाग घेत होता. परिणामी १९८७ मध्ये ‘अग्रणी गुंतवणूकदार’ म्हणून नोंद झालेला भारत हा जगातील पहिला देश ठरला आणि मध्य हिंदी महासागरातील ७५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र आज आपल्याकडे आहे. तेथून व्यापारी प्रमाणात एक टनही खनिज अद्याप निघालेले नाही. पण निघेल तेव्हा आपला हक्क कोणी नाकारू शकणार नाही, कारण तो आंतरराष्ट्रीय नियमांत नोंदलेला आहे. बलाढ्य राष्ट्रांना नियमांवाचून चालते; एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने समुद्रतळातील खनिजांसाठी स्वतःच्याच कायद्याने परवाने देण्याचा मार्ग खुला केला, तो याच बळावर. मधल्या फळीतील देशांना मात्र नियमच तारतात.

म्हणून मला तीन गोष्टी तातडीच्या वाटतात. पहिली, अवकाश कायदा संसदेत आणावा आणि त्यात चांद्रसंपत्तीची मालकी, परवाना, नुकसानभरपाई आणि सार्वजनिक वाटा यांच्या स्पष्ट तरतुदी असाव्यात. दुसरी, संयुक्त राष्ट्रांच्या अवकाशविषयक समितीचा जो कार्यगट अवकाश-संपत्तीच्या तत्त्वांवर काम करत आहे, त्याने ते २०२७ मध्ये पूर्ण करणे अपेक्षित आहे. चंद्रकराराची स्वाक्षरी आणि आर्टेमिसचे सदस्यत्व या दोन्ही गोष्टी असलेले देश फार थोडे आहेत. दोन्ही बाजूंना जोडणारा मसुदा मांडण्याची संधी भारताला आहे. ती साधण्यासाठी आधी आपली भूमिका ठरवावी लागेल. तिसरी, ऊर्जेचे आणि विज्ञानाचे प्रश्न त्यांच्या जागी सोडवावेत. संमीलनात रस असेल, तर गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेला दीर्घ मुदतीचा निधी आणि मनुष्यबळ द्यावे. पुंज संगणकांसाठी हेलियम-३ हवे असेल, तर कॅनडाकडे पाहावे. तेथे जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतील ट्रिटियमपासून ते मिळवले जाते. तारापूरपासून रावतभाट्यापर्यंत याच प्रकारच्या अणुभट्ट्या आपल्याकडे आहेत. राष्ट्रीय क्वांटम मोहिमेवर सहा हजार कोटी खर्चणाऱ्या देशाने या शक्यतेचा हिशेब मांडायला हवा.

चांद्रमोहिमा चालू राहिल्या पाहिजेत. चंद्रावरचे नमुने आणणाऱ्या ‘चांद्रयान-४’साठी सरकारने मंजूर केलेले २,१०४ कोटी रुपये हा विज्ञानावरील योग्य खर्च आहे आणि त्याचे समर्थन करण्यासाठी स्वस्त विजेचे आमिष दाखवण्याची गरज नाही. उलट, खोट्या आशेवर उभारलेला पाठिंबा आशा विरताच ढासळतो आणि त्याचा फटका खऱ्या विज्ञानाला बसतो.

चंद्रावरून वीस टन हेलियम कधी येईल की नाही, हे आपल्या नातवंडांच्या काळात कळेल. त्यावर कोणाचा हक्क असेल, याचे नियम मात्र याच दशकात लिहिले जात आहेत. ते लिहिले जात असताना भारताच्या संसदेने निदान एकदा तरी या विषयावर मत द्यावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.